रमाबाई? कोणत्या रमाबाई?

"न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व केडगाव येथे मुक्ती मिशन काढले. त्यांना पंडिता असेही म्हणतात."

सहामाहीच्या एका पेपरातलं हे उत्तर. अक्षर सुरेख, शुद्धलेखन बिनचूक. रानडे खरे, केडगाव खरं, धर्मांतर खरं, पंडिताही खरी. फक्त दोन बायकांची आयुष्यं एकीच्याच नावावर जमा झाली आहेत. रानडे गेले १९०१ साली. धर्मांतर १८८३ सालचं, आणि ते ज्यांनी केलं त्यांचं नि रानड्यांचं घरचं नातं काहीच नव्हतं.

त्या पोराला तरी काय बोलणार! मोठी माणसं याहून वेगळं काय करतात? महिला दिनाच्या एका फ्लेक्सवर मी पंडिता रमाबाईंचा पांढऱ्या साडीतला फोटो बघितला, आणि खाली ठळक अक्षरांत नाव होतं 'रमाबाई रानडे'. लावणाऱ्यांना सांगितलं, तर उत्तर मिळालं, "मॅडम, दोघी समाजसुधारकच की!" त्या 'की'ने माझं डोकं उठलं ते अजून खाली बसलेलं नाही. म्हणून ही पोस्ट.

मी राहते हडपसरला आणि शाळा दौंड तालुक्यात. सकाळी सगळं जग पुण्याकडे येत असतं तेव्हा आम्ही काही मास्तर-मास्तरणी उलट्या दिशेने दौंडच्या गाडीत बसलेले असतो. मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव. लोणीहून थेऊर जवळ. थेऊरला एक रमाबाई, केडगावला दुसरी, आणि गाडी सुटते त्या पुण्यात लक्ष्मी रोडला तिसरी, म्हणजे सेवासदनच्या रमाबाई. चौथी कुठे नाही ते विचारा. तिच्याकडे येतेच.

थेऊरच्या रमाबाई म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या. अष्टविनायकाला जाणारे चिंतामणीचं दर्शन घेतात, देवळातच माधवरावांचं निधन झालं ती जागा बघतात आणि बाहेर पडतात. १८ नोव्हेंबर १७७२. क्षय. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या, नदीकाठी त्यांचं स्मारक आहे. या बाईंबद्दल आपल्याला जे वाटतं ते बरंचसं कादंबऱ्या आणि मालिकांनी वाटायला लावलेलं आहे. पहिल्या दिवशी आमच्या वर्गात 'रमा-माधव' असा जोडशब्द सगळ्यांना येतो, पण नुसत्या रमेबद्दल दोन ओळी लिहा म्हटलं की वर्ग गप्प. गप्प राहणंच प्रामाणिक आहे म्हणा. कागदोपत्री तिचं स्वतःचं असं फार थोडं हाती लागतं.

त्या चितेनंतर ११० वर्षांनी, १८८२ च्या उन्हाळ्यात, आणखी एक रमाबाई पुण्यात उतरली. तीही नवरा गेलेली, तेही काही महिन्यांपूर्वीच. कडेवर वर्षाची मुलगी. वय चोवीस. आणि पुण्यातली विद्वान मंडळी तिची वाटच बघत होती.

या खऱ्या पंडिता. अनंतशास्त्री डोंगरे यांची मुलगी रमा, जन्म १८५८. शास्त्रीबुवांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्रास दिला, तर हा गृहस्थ बायकोला घेऊन गंगामूळच्या रानात जाऊन राहिला! पुढे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर हिंडलं. १८७६-७७ च्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायपीट करत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. भाऊ ढाक्याला वारला. तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीने, सालही बघा, १८८०. दोन वर्षांच्या आत पटकीने तो गेला.

अशी ही बाई पुण्यात आली आणि जूनमध्ये आर्य महिला समाज निघालासुद्धा. त्याच समाजात जाणारी आणखी एक रमाबाई, वीस-एकवीस वर्षांची, सबजज्ज रानड्यांच्या घरची. आता या दोघींना एका खोलीत बसलेलं डोळ्यांसमोर आणा. एकीला भागवत मुखोद्गत, देश पायाखाली घातलेला, सभेत उभं राहून बोलायची सवय. दुसरी घरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या नजरा चुकवून पुस्तक उघडणारी. हुद्देदार नवऱ्याची बायको असूनही सासरच्या माजघरात तिचं काही चालत नव्हतं. दोघी मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजी शिकल्या. रानड्यांच्या घरी या मडमेचा धडा संपला की विटाळाचा प्रश्न उभा राहायचा. दिवाणखान्यात नवऱ्याचा आग्रह शिकण्याचा, माजघरात बायकांचा आग्रह अंघोळीचा. हे सगळं त्यांनी पुढे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, १९१० साली, आणि कुठेही गळा न काढता.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर शाळेत रमाबाई रानड्यांवर अन्याय होतो तो याच ठिकाणी. आम्ही शिकवतो, 'न्यायमूर्तींनी पत्नीला शिकवले'. झालं, संपलं. १८७३ साली लग्न झालं तेव्हा मुलगी अकरा वर्षांची, नवरा एकतीस वर्षांचा, पहिली बायको जाऊन दोन-तीन महिनेसुद्धा झालेले नव्हते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस आता विधवेशीच लग्न करणार म्हणून सगळे बघत होते. वडिलांपुढे त्यांचं काही चाललं नाही आणि त्यांनी पोरीशी लग्न केलं. लोकांनी टीका केली, ती अगदीच वावगी नव्हती. मग त्यांनी तिला मुळाक्षरांपासून शिकवायला घेतलं, हेही खरं. पण शिकण्याची किंमत रोज कोणी मोजली? ते तर कचेरीत जायचे. दिवसभर टोमणे ऐकायला, अबोले सोसायला घरात ही. आणि तरी तिने शिकणं सोडलं नाही, सासरही सोडलं नाही. याला धाडस म्हणतात. फक्त ते फोटोत दिसत नाही.

पंडितांचं धाडस मात्र लांबून दिसतं. १८८२ सालीच शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. शंभरातले नव्याण्णव शिकलेले पुरुष बायकांच्या शिक्षणाच्या विरोधात असतात, असं त्यांनी आयोगाला तोंडावर सांगितलं आणि बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. (हे वाक्य मी शिक्षक खोलीत वाचून दाखवलं तेव्हा एक सर म्हणाले, "आता तसं राहिलं नाही हो." घरी कुकर कोण लावतं ते मी विचारलं नाही.) दुसऱ्या वर्षी 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या पैशातून तिकीट काढून बाई इंग्लंडला निघाल्या. बरोबर लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण.

तिथे वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहून सप्टेंबर १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुण्यात बोंब झाली. पण ज्यांना वाटतं की बाई मेमसाहेबांच्या ओंजळीने पाणी प्यायली, त्यांनी तिची मठातली पत्रं वाचावीत. शाकाहार सोडणार नाही. अंडं घातलेलं पुडिंग खाणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको? ती भाषा ना तुमची ना माझी! ज्या सिस्टर जेराल्डिनना त्यांनी गुरू मानलं, त्यांच्याशीही धर्मावरून शेवटपर्यंत वाद घातला. माहेरचा शास्त्रार्थ हाडात मुरलेला, तो बाप्तिस्म्याच्या पाण्याने कुठला जायला?

आता नावांची एक गंमत. थेऊरच्या सोडून बाकीच्या तिघींच्या माहेरकडे गेलं की 'रमाबाई' हे नाव पातळ होऊ लागतं. रानड्यांच्या रमाबाई मुळच्या यमुना, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी. लग्नात नाव बदललं. डॉक्टर आनंदीबाई जोशी याही मुळच्या यमुनाच, त्यांचंही लग्नात बदललं. त्या काळी यमुना नावाची मुलगी सासरी पोहोचतच नव्हती की काय कोण जाणे. पंडितांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि तीही आनंदीबाई झाली. म्हणजे पेपर तपासताना दोन आनंदीबाई वेगळ्या ठेवायचं काम आणखी वाढलं. आंबेडकरांच्या रमाबाई माहेरी रामी. जन्मापासून मरेपर्यंत आपलंच नाव वागवलं ते फक्त पंडितांनी, तेही आधी वडिलांच्या रानात, मग बंगाली नवऱ्याच्या घरात, मग मठात. बाप्तिस्म्यात 'मेरी रमा' झाल्या, पण रमा सोडली नाही.

आणि हेच नाव आकाशात मात्र हरवलं! शुक्र ग्रहावरच्या विवरांना कर्तबगार बायकांची नावं देतात. तिथे एक 'जोशी' आहे, आनंदीबाईंचं, आणि एक 'मेधावी' आहे, पंडितांचं. म्हणजे जिथे कोणाला रमाबाईंमध्ये गोंधळ घालायचा नव्हता नेमकं तिथेच रमाबाई गाळून आडनाव ठेवलं, तेही दीड-दोन वर्षांच्या नवऱ्याचं.

११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. दोघींचं लांबचं नातं. तीन वर्षांनी त्याच तारखेला, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सल्लागारांत रानडे, भांडारकर. पण १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होताहेत अशी ओरड झाली, 'केसरी'ने झोडपलं आणि ही मंडळी बाजूला झाली. सदन केडगावला हललं. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. जिचे आईबाप दुष्काळात गेले ती बाई दुष्काळात घरी बसेलच कशी? केडगावात छापखाना काढला, मुलीच खिळे जुळवायच्या. शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ बायबल मराठीत आणण्यात घातली. १९२१ साली मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः.

रानड्यांच्या रमाबाईंना वैधव्य आलं ते अडतिशीत. १९०९ साली त्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांबरोबर पुण्यात सेवासदन उभं केलं. विधवांना परिचारिका म्हणून तयार करून ससून रुग्णालयात पाठवलं. बामणाच्या विधवेने परक्या रुग्णाला हात लावायचा, हे त्या पुण्यात! पंडितांनी जे गावाबाहेर जाऊन केलं, ते यांनी गावात राहून, देवघराशेजारी बसून केलं. कोण मोठी हे मला विचारू नका. मुलं विचारतात तेव्हा मी सांगते, एकीला लोकांनी दार लावलं आणि दुसरीने दार आतून उघडलं. मुलांना वाक्य आवडतं. खरं किती आहे त्याचा विचार मी गाडीत करते.

हे सगळं फळ्यावर दोन रकाने करून शिकवत होते तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या रमाई राहिल्या."

राहिल्या खऱ्या, कारण धड्यात नव्हत्या. फळ्यावर तिसरा रकाना आखला. दापोलीजवळच्या वणंदची मुलगी. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लवकर गेले, नातलगांनी भावंडांना मुंबईला आणलं. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात लग्न लागलं. बाजारात म्हणजे अक्षरशः बाजारात. दुकानं उठल्यावर रात्री, उघड्या शेडमध्ये. दगडी ओट्यांवर वऱ्हाडी, एका कोपऱ्यात वरपक्ष, एका कोपऱ्यात वधूपक्ष, पायाखालून गटाराचं पाणी. सकाळी पुन्हा बाजार भरायच्या आत सगळं आवरायचं. नवरी नऊ वर्षांची, नवरा भीमराव चौदा-पंधरा वर्षांचा.

भीमराव अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकत होते तेव्हा ही बाई मुंबईत शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहून संसार चालवत होती. हे नंतर भक्तांनी लावलेलं शेपूट नाही. 'बहिष्कृत भारता'त १९२८ साली बाबासाहेबांनी स्वतः लिहिलं आहे, आणि परत आल्यावरही चोवीस तासांतला अर्धा तास आपण तिला देऊ शकलो नाही, हेही. परळच्या बीआयटी चाळीत मुलं झाली आणि एकामागून एक गेली. यशवंत तेवढा वाचला. राजरत्न गेला १९२६ साली. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं. पण अस्पृश्यांना विठोबाचं देऊळ बंद. लांबून कळसाला हात जोडून परत येण्यासाठी जायचं नाही, असं बाबासाहेबांनी सांगितलं. देऊळ उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. रमाबाई १९३५ च्या मे महिन्यात राजगृहात, म्हणजे दादरच्या घरी, वारल्या होत्या.

राजगृहातला १९३४ सालचा एक फोटो आहे. यशवंत, बाबासाहेब, रमाबाई, जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी नावाचा कुत्रा. वर्गात मोबाइलवर दाखवला तर पोरांनी आधी कुत्राच बघितला. मग एकजण म्हणाला, "बाई, ह्या हसत नाहीत." त्या वर्षी त्या आजारीच होत्या.

पंडितांनी पुस्तकं लिहिली, रानड्यांच्या रमाबाईंनी आठवणी लिहिल्या. म्हणून त्यांच्याशी आपण भांडूही शकतो. रमाईंचं स्वतःच्या हातचं लिखाण हातात नाही. त्या आहेत त्या बाबासाहेबांच्या लेखात, पाकिस्तानवरचं पुस्तक त्यांनी 'रामू'च्या स्मृतीस वाहिलं त्या अर्पणपत्रिकेत, आणि सात फेब्रुवारीला वस्तीत लागणाऱ्या गाण्यांत. मला स्वतःला गाण्यांतल्या रमाई फार गोड केलेल्या वाटतात. त्या मुलीला मी तसं म्हटलं नाही. तिच्या आजीला ती सगळी तोंडपाठ आहेत आणि आजीपुढे माझं बी.एड. चालणार नाही.

पण रोजच्या बोलण्यात म्हणाल तर चौघींत जिंकल्या त्या रमाईच. मुंबईत घाटकोपरच्या पुढे रिक्षावाल्याला 'रमाबाई' एवढंच म्हटलं तरी तो बरोबर आंबेडकर नगरला नेतो, जिथे ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला आणि दहा जण मेले. आणि आमच्या शाळेतल्या शिपाईकाकांनी परवा पेढे वाटले, "माझं रमाईतून मंजूर झालं!" म्हणजे रमाई आवास योजनेतून घरकुल. जिने जवळजवळ सगळा संसार चाळीच्या खोलीत काढला तिच्या नावाने गावोगाव पक्क्या भिंती उभ्या राहताहेत आणि भिंतीवर निळ्या रंगात नाव असतं. कोणत्या रमाई, हे काकांना कधी कोणी विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत देवराष्ट्र्याला जायचं ठरवलंय. ते यशवंतराव चव्हाणांचंही जन्मगाव, त्यामुळे कुर्लेकरांच्या यमुनेचं नाव कुठे शोधायचं याची तयारी ठेवूनच जाणार. वणंद त्यानंतर. दापोलीकडचं कोणी वाचत असेल तर दापोली स्टँडवरून वणंदला सकाळची एसटी किती वाजता सुटते तेवढं कळवा.